तीन सर्व्हरवरून एकच क्लस्टर व्हॉल्यूम साम्बाने शेअर करताना फाइलचे लॉक जुळत नाहीत

प्रश्न – अंबड_आयटी

नमस्कार. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका टूलरूमची संगणक यंत्रणा मी सांभाळते. डाय व फिक्श्चरचे डिझाइन, प्रोसेस प्लॅनिंग आणि सीएनसी प्रोग्रॅमिंग हे आमचे तिन्ही विभाग एकाच फाइल सर्व्हरवर अवलंबून आहेत. विंडोजचे पन्नासच्या आसपास संगणक आहेत, आणि ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स व एक्सेलच्या फाइली दिवसभर उघडझाक होत असतात. तो सर्व्हर बंद पडला, की मशीनवर प्रोग्रॅम पोहोचत नाहीत आणि शॉप फ्लोअर थांबतो. म्हणून व्यवस्थापनाने तीन नवे सर्व्हर मंजूर केले आहेत.

तिन्ही सर्व्हरवर लिनक्स असून ग्लस्टरएफएसचा (अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र जोडणाऱ्या फाइल सिस्टिमचा) तीन प्रतींचा एक व्हॉल्यूम, म्हणजे सामायिक साठा, तयार केला आहे. तो प्रत्येक सर्व्हरवर फ्यूजद्वारे (फाइल सिस्टिम सामान्य प्रोग्रॅम म्हणून चालवण्याची लिनक्सची सोय) माउंट होतो, म्हणजे फोल्डरसारखा जोडला जातो. प्रत्येक ठिकाणी साम्बा (लिनक्सवरील फाइली विंडोजच्या संगणकांना देणारा प्रोग्रॅम) बसवला आहे, त्याची कॉन्फिगरेशन फाइल तिन्हीकडे अक्षरशः सारखी आहे, आणि डीएनएसमध्ये एकाच नावापुढे तिन्ही पत्ते नोंदवले आहेत. लॉगिनसाठी विंडोजचे ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन आधीपासून आहे.

चाचणीत पुढील गोष्ट आढळली. एक संगणक पहिल्या सर्व्हरला आणि दुसरा संगणक दुसऱ्या सर्व्हरला जोडलेला असताना दोघांवर एकच एक्सेल फाइल उघडली, तर 'ही फाइल अन्य वापरकर्त्याकडे उघडी आहे' असा संदेश दुसऱ्याला येत नाही. दोघांनाही लिहिण्याची परवानगी मिळते आणि जो नंतर सेव्ह करतो त्याचेच काम शिल्लक राहते. दोन्ही संगणक एकाच सर्व्हरला जोडले, तर मात्र संदेश नेमका येतो. विशेष म्हणजे एक्सेल जी टिल्ड आणि डॉलर चिन्हाने सुरू होणारी छुपी फाइल बनवते, ती दुसऱ्या सर्व्हरवरूनही लगेच दिसते. म्हणजे व्हॉल्यूम तिन्हीकडे एकसारखाच दिसत आहे, असे मला वाटते.

ही लॉकची माहिती नेमकी कोठे ठेवली जाते आणि ती तिन्ही सर्व्हरना एकत्र दिसावी यासाठी काय करावे लागेल? एखादा सर्व्हर अचानक बंद पडला, तर त्याच्यावरून उघडलेल्या फाइलींचे काय होते, हेही समजून घ्यायचे आहे. हे स्पष्ट झाल्याशिवाय खरी ड्रॉइंग त्यावर हलवण्याची माझी तयारी नाही.


उत्तर – सिन्नर_लिनक्स

ताई, खरी ड्रॉइंग न हलवण्याचा आपला निर्णय अगदी योग्य आहे. आज जी मांडणी आहे तीत कोणताही बिघाड न होता, सगळे हिरवे दिसत असताना, दोन ड्राफ्ट्समन एकमेकांचे काम पुसू शकतात आणि लॉगमध्ये त्याची एक ओळही उमटणार नाही.

विंडोजचा संगणक फाइल उघडतो, तेव्हा 'मी उघडी ठेवली आहे तोवर दुसऱ्याला लिहू देऊ नका' अशी अट सोबत पाठवतो. या अटीला शेअर मोड म्हणतात. लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये या अटीला नेमके जुळणारे असे काही नाही. तेथील लॉक सहसा सल्लावजा असतात, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने ते तपासले तरच त्यांना अर्थ. त्यामुळे साम्बा शेअर मोडचा हिशेब स्वतः ठेवतो, आणि तो ठेवतो टीडीबी नावाच्या छोट्या डेटाबेस फाइलींत. कोणी कोणती फाइल कशी उघडली हे 'लॉकिंग' नावाच्या टीडीबीत आणि फाइलच्या कोणत्या भागावर लॉक आहे हे 'बीआरलॉक' नावाच्या टीडीबीत असते. या फाइली त्या त्या सर्व्हरच्या स्थानिक डिस्कवर राहतात. आपला ग्लस्टर व्हॉल्यूम आतील फाइली तिन्हीकडे एकसारख्या दाखवतो, यात शंका नाही, पण हा हिशेब त्या व्हॉल्यूमवर नाहीच. टूल क्रिबला (हत्यारे देण्या-घेण्याच्या खोलीला) तीन खिडक्या असाव्यात आणि प्रत्येक खिडकीवर वेगळे रजिस्टर असावे, तशी आजची अवस्था आहे. एक्सेलची ती छुपी फाइल केवळ उघडणाऱ्याचे नाव दाखवण्यासाठी असते. आधी शेअर मोडमुळे अडवणूक झाली, तरच एक्सेल त्या फाइलीतले नाव वाचून संदेशात दाखवते. अडवणूकच झाली नाही, म्हणून संदेशही आला नाही.

यापेक्षाही सूक्ष्म अशी आणखी एक अडचण आहे. विंडोजचा संगणक फाइलचा मजकूर स्वतःच्या मेमरीत धरून ठेवण्याची परवानगी सर्व्हरकडून घेतो. तिला ऑपलॉक किंवा लीज म्हणतात. दुसऱ्याने ती फाइल मागितली, की सर्व्हर पहिल्याला ती परवानगी सोडायला सांगतो. तिचाही हिशेब तशाच स्थानिक टीडीबीत असल्यामुळे दुसरा सर्व्हर पहिल्याच्या ग्राहकाला (त्याला जोडलेल्या संगणकाला) काहीच सांगू शकत नाही, आणि लॉकचा प्रश्न दिसत नसतानाही जुना मजकूर वाचला जाऊ शकतो.

टीडीबीच्या फाइलीच ग्लस्टरवर ठेवाव्यात, हा विचार कोणालाही सुचेल, पण तो करू नये. टीडीबी मेमरी-मॅप (फाइल थेट मेमरीत जोडून वापरणे) आणि बाइट-रेंज लॉक (फाइलच्या ठराविक भागावरचे लॉक) यांवर चालते, तिच्यात दर सेकंदाला प्रचंड संख्येने छोटी लिखाणे होतात, आणि नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिमवर ती एक तर अतिशय मंद होते किंवा विसंगत होते. नेमक्या याच अडचणीसाठी साम्बाचे मूळ निर्माते अँड्र्यू ट्रिजेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीडीबी, म्हणजे अनेक सर्व्हरांत मिळून चालणारी टीडीबी, ही व्यवस्था उभी केली. आधी ती स्वतंत्र प्रकल्प होती. २०१५ मध्ये आलेल्या साम्बा ४.२ पासून ती साम्बाच्याच स्रोतात आहे.

सीटीडीबीची कल्पना मला मनापासून आवडते, कारण तिने प्रश्नाचा स्वभाव नीट ओळखला आहे. प्रत्येक नोंदीची प्रत प्रत्येक नोडवर (क्लस्टरमध्ये एकत्र काम करणाऱ्या प्रत्येक सर्व्हरवर) लिहीत बसण्याऐवजी, ज्या नोडला नोंद हवी असेल त्या नोडकडे ती नोंदच नेटवर्कवरून सरकवली जाते, आणि ताजी प्रत कोणाकडे आहे एवढेच क्लस्टर लक्षात ठेवतो. एखादा नोड मेला, तर त्याच्याकडच्या नोंदी जातात, हे खरे. पण त्या असतात त्याच्याच ग्राहकांनी उघडलेल्या फाइलींच्या, आणि त्या ग्राहकांचे कनेक्शन तसेही तुटलेले असते. म्हणून तो तोटा चालतो. डोमेनचा पासवर्ड किंवा साम्बाची रजिस्ट्री (सेटिंगचा साठा) गमावून चालत नाही. असे कायमस्वरूपी डेटाबेस मात्र सीटीडीबी प्रत्येक नोडवर पूर्ण प्रतीने ठेवते आणि त्यांतील बदल व्यवहार म्हणून, म्हणजे एक तर सर्वत्र किंवा कुठेच नाही, असा करते.

आता कॉन्फिगरेशन. इटीसीखालील सीटीडीबीच्या फोल्डरात 'नोड्स' नावाची फाइल असते. तिच्यात तिन्ही सर्व्हरचे अंतर्गत पत्ते, एका ओळीत एक, असे लिहावेत. ही फाइल तिन्हीकडे एकसारखी हवी आणि ओळींचा क्रमही तोच हवा, कारण नोडचा क्रमांक ओळीवरून ठरतो. पुढे एखादा सर्व्हर काढला, तर ती ओळ पुसू नये, तिच्यापुढे हॅश चिन्ह द्यावे. नाही तर खालच्या सर्वांचे क्रमांक सरकतात. हे अंतर्गत पत्ते ड्राफ्ट्समनच्या नेटवर्कपासून वेगळ्या स्विचवर किंवा निदान वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवरील वेगळ्या आभासी नेटवर्कवर) असावेत. या वाहतुकीत ना पासवर्ड असतो ना एन्क्रिप्शन, त्यामुळे टीसीपी पोर्ट ४३७९ बाहेरच्या कोणालाही उघडा राहता कामा नये.

'पब्लिक ॲड्रेसेस' या दुसऱ्या फाइलीत, ज्या पत्त्यांवर वापरकर्ते येतील ते पत्ते, नेटमास्क आणि इंटरफेसचे नाव लिहायचे असते. हे पत्ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या नेटवर्क सेटिंगमध्ये कायमचे देऊन ठेवू नयेत; ते कोणत्या नोडवर चढवायचे आणि कोठून उतरवायचे, हे सीटीडीबीच ठरवते. आपल्या डीएनएसमधील नावापुढे सर्व्हरचे स्वतःचे पत्ते असतील, तर ते काढून हे सार्वजनिक पत्ते घाला. सध्याच्या मांडणीत एक सर्व्हर बंद पडला, तर त्या नावाने येणाऱ्यांपैकी काही जण मेलेल्या पत्त्यावरच आपटत राहतील.

तिसरी गोष्ट क्लस्टर लॉकची, आणि हिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. नोडांमधील नेटवर्क तुटले आणि क्लस्टरचे दोन तुकडे झाले, तर दोन्ही तुकडे स्वतःला पूर्ण क्लस्टर समजू शकतात, तेच सार्वजनिक पत्ते दोन्हीकडे चढतात आणि लॉकचे दोन हिशेब पुन्हा सुरू होतात. हे टाळण्यासाठी क्लस्टर फाइल सिस्टिमवरील एका फाइलीवर लॉक घेऊ शकणारा तुकडाच पुढे चालतो. साम्बा ४.१६ पासून या सेटिंगचे नाव 'क्लस्टर लॉक' आहे, त्याआधी ते 'रिकव्हरी लॉक' होते. जुने लेख वाचताना गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो. ग्लस्टरवर यासाठी तीन प्रतींचा वेगळा लहान व्हॉल्यूम ठेवण्याची पद्धत आहे आणि मी तीच सुचवेन. मुख्य व्हॉल्यूमवर मोठे काम चालू असताना या एका फाइलीचे उत्तर उशिरा येणे परवडत नाही.

त्यानंतर साम्बाच्या ग्लोबल विभागात 'क्लस्टरिंग = यस' करावे, नेटबायोस नाव (नेटवर्कवर दिसणारे सर्व्हरचे नाव) तिन्हीकडे एकच द्यावे आणि शेअरची व्याख्या रजिस्ट्रीत ठेवावी. रजिस्ट्री ही कायमस्वरूपी डेटाबेसपैकी असल्यामुळे एका नोडवर केलेला बदल तिन्हीकडे पोहोचतो, आणि 'अक्षरशः सारख्या' तीन फाइली हाताने सांभाळण्याची गरज उरत नाही. साम्बाची सेवा सिस्टिमडीमधून (सेवा सुरू-बंद करणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेतून) बंद करा. ती चालू करणे, तपासणे आणि बंद करणे हे काम सीटीडीबीच्या '५०.साम्बा' या इव्हेंट स्क्रिप्टचे आहे, आणि ४.९ पासून ही स्क्रिप्ट आपल्याला मुद्दाम सक्षम करावी लागते. डोमेनसाठी विनबाइंड (डोमेनचे वापरकर्ते लिनक्सला ओळखून देणारी साम्बाची सेवा) लागेलच, त्याची '४९.विनबाइंड' ही स्क्रिप्टही त्याच पद्धतीने सक्षम करा.


उत्तर – सातपूर_स्टोरेज

वरील उत्तराशी मी सहमत आहे. माझा आग्रह एवढाच, की सीटीडीबीला हात लावण्यापूर्वी फाइल सिस्टिमचे लॉक नोडांमध्ये खरोखर जुळतात का, हे पिंग_पाँग या छोट्या प्रोग्रॅमने तपासून घ्यावे. तो सीटीडीबीसोबतच मिळतो. व्हॉल्यूमवरील एका फाइलीचे नाव आणि नोडांच्या संख्येपेक्षा एकाने अधिक असा आकडा, म्हणजे आपल्या बाबतीत ४, देऊन तो पहिल्या नोडवर चालवावा. दर सेकंदाला किती लॉक मिळाले, हे तो दाखवत राहतो. तो चालू असतानाच तीच आज्ञा दुसऱ्या नोडवर द्यावी. त्या क्षणी पहिल्या नोडवरील आकडा ठळकपणे खाली आला पाहिजे. आकडा घसरला, की बरे वाटले पाहिजे, कारण दोन्ही नोड आता एकाच लॉकसाठी एकमेकांची वाट पाहत आहेत. आकडा होता तसाच राहिला, तर प्रत्येक नोड स्वतःपुरताच लॉक घेत आहे आणि त्या पायावर पुढचे काहीही उभे करण्यात अर्थ नाही. नंतर तोच प्रोग्रॅम 'आरडब्ल्यू' पर्याय देऊन चालवावा. तेव्हा दिसणारी 'डेटा इन्क्रिमेंट' ही संख्या जितक्या नोडांवर प्रोग्रॅम चालू असेल तितकी व्हायला हवी; तसे झाले, तर एका नोडने लिहिलेले दुसऱ्याला लगेच दिसते, हे सिद्ध होते.

दुसरा मुद्दा फारसा कोणी सांगत नाही, आणि त्यामुळे सीटीडीबी नीट बसवूनही मूळ तक्रार उरल्याचे मी पाहिले आहे. साम्बा फाइल ओळखतो ती तिच्या नावाने नव्हे, तर डिव्हाइस क्रमांक (फाइल कोणत्या माउंटवर आहे) आणि आयनोड क्रमांक (त्या माउंटमधील फाइलचा क्रमांक) यांच्या जोडीने. लॉकच्या नोंदीची किल्ली याच जोडीपासून बनते. ग्लस्टरमध्ये आयनोड क्रमांक तिन्हीकडे एकच येतो, पण फ्यूज माउंटचा डिव्हाइस क्रमांक त्या त्या सर्व्हरच्या कर्नेलने (लिनक्सच्या गाभ्याने) दिलेला असतो. एका सर्व्हरवर आधी दुसरे काही माउंट झाले, एवढ्यानेही तो बदलतो. मग तीच फाइल दोन नोडांवर दोन वेगळ्या किल्ल्यांनी नोंदली जाते, सीटीडीबी दोन्ही नोंदी इमानेइतबारे सांभाळते, आणि अडवणूक पुन्हा होत नाही. फाइलचे प्रॉपर्टी दाखवणारी 'स्टॅट' ही आज्ञा तिन्ही नोडांवर एकाच फाइलीवर चालवून डिव्हाइस आणि आयनोड हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा.

यावर उपाय म्हणजे साम्बाचे 'फाइलआयडी' हे व्हीएफएस मॉड्यूल (साम्बाच्या फाइल हाताळणीला जोडायचा पूरक भाग) जोडून त्याचा अल्गोरिदम 'एफएसनेम' ठेवणे. मग डिव्हाइस क्रमांकाऐवजी माउंटच्या नावावरून ओळख ठरते. त्यासाठी माउंटचे नाव तिन्हीकडे तंतोतंत एक असले पाहिजे. पहिल्या सर्व्हरवर त्याच्या स्वतःच्या नावाने आणि दुसऱ्यावर दुसऱ्याच्या नावाने माउंट केले असेल, तर नावे वेगळी पडतील आणि हा उपाय निकामी होईल. सर्वत्र 'लोकलहोस्ट' लिहून माउंट करणे हा सोपा मार्ग आहे.

फ्यूज टाळून साम्बाने थेट ग्लस्टरच्या लायब्ररीशी बोलावे, असे 'ग्लस्टरएफएस' नावाचे व्हीएफएस मॉड्यूलही आहे. त्या मार्गाने गेलात, तर 'कर्नेल शेअर मोड्स = नो' करणे आवश्यक आहे, कारण तेथे कर्नेलला फाइल दिसतच नाही. कोणताही मार्ग घ्या, पण तिन्ही नोडांवर एकच घ्या.


उत्तर – गंगापूर_रोड

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते आपण विचारात घ्यावे, अशी विनंती. पन्नास संगणकांसाठी तिन्ही सर्व्हरवरून एकाच वेळी फाइली देण्याची गरज आहे का? आपली खरी गरज 'सर्व्हर बंद पडला तरी काम थांबू नये' ही दिसते, वेग वाढवण्याची नाही. मग सार्वजनिक पत्ता एकच ठेवा. सीटीडीबी तो एका वेळी एकाच नोडवर चढवेल, सर्व वापरकर्ते त्याच नोडवर असतील, आणि तो नोड गेला, की पत्ता दुसरीकडे जाईल. लॉकच्या नोंदी नोडांमध्ये ये-जा करणार नाहीत आणि तक्रार आली, तर तपासायला एकच लॉग असेल. वर सांगितलेले सर्व कॉन्फिगरेशन तेच राहते, फक्त पत्त्यांच्या फाइलीत तीनऐवजी एक ओळ असते. गरज भासली, तर आणखी पत्ते केव्हाही वाढवता येतात.

आणखी एक सूचना. सॉलिडवर्क्सच्या असेंब्लीत शेकडो छोट्या पार्ट फाइली असतात आणि हजारो फाइलींच्या फोल्डरची यादी दाखवणे हे ग्लस्टरचे बलस्थान नाही. आपली सर्वांत मोठी असेंब्ली उघडायला जुन्या सर्व्हरवर लागतो तो वेळ आणि नव्यावर लागतो तो वेळ, हे दोन्ही आधी मोजून ठेवा. ग्लस्टरवर आधारलेल्या रेड हॅटच्या व्यावसायिक उत्पादनाचा आधार २०२४ च्या अखेरीस संपला आहे, हेही व्यवस्थापनाच्या कानावर घाला. सेफएफएस या दुसऱ्या क्लस्टर फाइल सिस्टिमसोबतही साम्बा आणि सीटीडीबी याच पद्धतीने चालतात. तेथे क्लस्टर लॉकसाठी फाइलीऐवजी रॅडोसचा (सेफच्या मूळ साठ्याचा) वेगळा हेल्परही मिळतो. मात्र सेफला मेमरी अधिक लागते आणि त्याचे मॉनिटर, मेटाडेटा सर्व्हर हे सगळे शिकायला वेळ द्यावा लागतो. आहे ते सर्व्हर आणि आहे ती मेमरी पाहूनच हा निर्णय व्हावा.


प्रतिसाद – अंबड_आयटी

सर्वांचे मनापासून आभार. पिंग_पाँगचा आकडा दुसरा नोड सुरू होताच स्पष्ट खाली आला आणि तिन्ही नोडांवर 'आरडब्ल्यू' चाचणीत इन्क्रिमेंट ३ आली. 'स्टॅट'मध्ये आयनोड सारखा आणि डिव्हाइस क्रमांक वेगळे निघाले, म्हणजे सातपूरच्या सरांनी सांगितले ते तंतोतंत खरे ठरले. 'फाइलआयडी' जोडून आणि सर्वत्र लोकलहोस्टने माउंट करून सीटीडीबी सुरू केल्यावर आता दोन वेगळ्या नोडांवरून एक्सेल उघडले, की दुसऱ्याला संदेश येतो आणि त्यात पहिल्याचे नावही असते. सार्वजनिक पत्ता तूर्त एकच ठेवण्याची सूचना मला पटली आहे.

दोन प्रश्न उरले आहेत. पावसाळ्यात आमच्याकडे वीज वारंवार जाते-येते. चाचणीसाठी तिन्ही सर्व्हर एकदम बंद करून एकदम सुरू केले, तेव्हा 'सीटीडीबी स्टेटस'मध्ये दोन नोड 'ओके' आणि एक नोड बराच वेळ 'अनहेल्दी' दिसत होता; लॉगमध्ये शेअरचे फोल्डर उपलब्ध नसल्याची ओळ होती. आणि व्यवस्थापन विचारते आहे, की सर्व्हर बंद पडला, तरी वापरकर्त्याला काहीच कळणार नाही, असे लेखी देता येईल का?


उत्तर – सिन्नर_लिनक्स

असे लेखी देऊ नका. साम्बाचा क्लस्टर सेवा लवकर परत आणतो, पण उघडलेली फाइल जशीच्या तशी दुसऱ्या नोडवर चालू ठेवत नाही. नोड मेल्यावर काय घडते, ते पाहा. उरलेले नोड क्लस्टर लॉकच्या आधारे पुन्हा जमतात, डेटाबेस सावरतात आणि सार्वजनिक पत्ता एका जिवंत नोडवर चढवतात. नवा नोड त्या पत्त्यासाठी स्वतःचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) नेटवर्कला जाहीर करतो आणि जुन्या कनेक्शनच्या ग्राहकांना मुद्दाम एक टीसीपी पॅकेट पाठवतो, जेणेकरून विंडोजने मेलेल्या कनेक्शनची वाट पाहत न बसता लगेच नव्याने जोडून घ्यावे. जोडणी परत येते, पण आधीच्या नोडवरील फाइल-हँडल (उघडलेल्या फाइलींच्या नोंदी) आणि लॉक गेलेले असतात. याशिवाय ग्लस्टरचा स्वतःचा एक थांबा असतो: एखादा नोड निरोप न घेता गेला, तर ग्राहक बाजू 'नेटवर्क पिंग-टाइमआउट' इतका वेळ थांबते आणि तो मुळात ४२ सेकंद असतो. तो कमी करता येतो, पण फार खाली आणला, तर नेटवर्कच्या किरकोळ अडखळण्यानेही जोडण्या तुटू लागतात. म्हणून आपल्या स्विचवर मोजूनच ठरवावा.

ज्याच्या स्क्रीनवर ड्रॉइंग उघडे आहे त्याचे काम त्याच्या संगणकाच्या मेमरीत असते. त्याला त्रुटीचा संदेश येईल आणि पुन्हा सेव्ह करावे लागेल. त्या थोड्या काळात दुसऱ्या कोणी ती फाइल उघडली नाही ना, एवढे पाहण्याची सवय विभागाला लावा.

माझी खरी काळजी सीएनसी प्रोग्रॅमची आहे. मशीनच्या मेमरीत प्रोग्रॅम कॉपी होत असताना पत्ता हलला, तर फाइल अर्धवट उतरू शकते. अर्धवट प्रोग्रॅमही पहिल्या काही ओळी व्यवस्थित चालवतो आणि टूल जॉबमध्ये असतानाच थांबतो. त्यामुळे प्रोग्रॅम पूर्ण उतरल्याशिवाय सायकल स्टार्ट दाबायचे नाही आणि शेवटच्या ओळींत एम३० (प्रोग्रॅम संपल्याची आज्ञा) व त्यानंतरचे टक्क्याचे चिन्ह आहे का, हे ऑपरेटरने पाहायचे, असा नियम आजच करा. सर्व्हरवरून ओळ-ओळ पुरवत मशीन चालवण्याची पद्धत असेल, तर ती या शेअरवरून चालवू नका. त्या संगणकाने फाइल आधी स्वतःच्या डिस्कवर पूर्ण घ्यावी आणि तेथून पुरवावी.

'अनहेल्दी'चे कारण आपल्या लॉगमध्येच आहे. '५०.साम्बा' ही स्क्रिप्ट ठराविक अंतराने प्रत्येक शेअरचे फोल्डर जागेवर आहे का, हे पाहते. वीज आल्यावर त्या नोडवर सीटीडीबी आधी उठली आणि ग्लस्टरचा माउंट मागून आला. नोडला 'अनहेल्दी' ठरवून सीटीडीबीने योग्यच केले, कारण नाही तर वापरकर्त्यांना रिकामे फोल्डर दिसले असते आणि कोणी त्यात लिहिले असते, तर ते स्थानिक डिस्कवर पडून राहिले असते. एफएसटॅबमधील (सुरू होताना काय माउंट करायचे त्या यादीतील) माउंटच्या ओळीत '_नेटडेव्ह', म्हणजे हा माउंट नेटवर्कवर अवलंबून आहे ही खूण, असू द्या आणि सिस्टिमडीमध्ये सीटीडीबीची सेवा त्या माउंटवर व ग्लस्टरच्या सेवेवर अवलंबून करा, म्हणजे क्रम दर वेळी तोच राहील. तसेच माउंटच्या मुळाशी शेअर न देता आतील एका उपफोल्डरला शेअर द्या. माउंट नसेल, तर ते उपफोल्डर असणारच नाही आणि स्क्रिप्टची तपासणी खात्रीने अपयशी ठरेल.

विजेबाबत एक गोष्ट आवर्जून पाहा. तिन्ही सर्व्हर एकाच यूपीएसवर असतील, तर तीन प्रतींचा फायदा त्या एका यूपीएसपुरताच राहतो. निदान दोन वेगळ्या यूपीएसवर विभागणी करा. तीन प्रतींच्या व्हॉल्यूमवर लिहिण्यासाठी तीनपैकी दोन प्रती जिवंत लागतात, म्हणून दोन सर्व्हर असलेला यूपीएस अधिक भरवशाचा असावा. वीज परत आल्यावर ग्लस्टरच्या 'हील इन्फो' या आज्ञेत प्रलंबित (प्रती जुळवायच्या राहिलेल्या) फाइलींची संख्या शून्यावर आल्याशिवाय दुसऱ्या सर्व्हरला हात लावू नये.


उत्तर – सातपूर_स्टोरेज

डोमेनविषयी थोडे राहून गेले आहे. डोमेनला जोडण्याची आज्ञा एकाच नोडवरून एकदाच द्यावी. गुप्त पासवर्ड कायमस्वरूपी डेटाबेसमध्ये जातो आणि बाकीच्या नोडांना आपोआप मिळतो. प्रत्येक नोडवर वेगळी जोडणी केली, तर दर वेळी पासवर्ड बदलला जाईल आणि नसता गोंधळ होईल. वापरकर्त्यांचे लिनक्स क्रमांक ठरवण्यासाठी आयडीमॅप या साम्बाच्या सोयीचा 'आरआयडी' हा प्रकार घ्या. तो डोमेनमधील क्रमांकावरून गणिताने उत्तर काढतो, त्यामुळे तिन्ही नोडांवर आणि उद्या नव्याने बसवलेल्या नोडवरही एकाच व्यक्तीला तोच क्रमांक मिळतो. फाइलींच्या मालकीचा सगळा डोलारा याच क्रमांकावर उभा असतो. तिन्ही सर्व्हरची वेळ डोमेन कंट्रोलरशी क्रोनीने (वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने) जुळवून ठेवा; कर्बेरॉस ही डोमेनची ओळख तपासण्याची पद्धत सामान्यतः पाच मिनिटांपलीकडचा फरक चालवून घेत नाही आणि तेव्हा येणारा संदेश मात्र पासवर्ड चुकल्यासारखा दिसतो.

तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे, हे व्यवस्थापनाला लेखी द्यावे. कोणी फोल्डर पुसले किंवा खंडणीच्या व्हायरसने फाइली बिघडवल्या, तर तो बदल तिन्ही प्रतींवर तत्काळ पोहोचतो. जुना सर्व्हर मोडीत काढू नका. त्यावर रोज रात्री प्रत घ्या, आणि तो डोमेनच्या सर्वसाधारण लॉगिनला उघडा ठेवू नका.

देखभालीच्या वेळी नोड थेट बंद न करता आधी 'सीटीडीबी डिसेबल' ही आज्ञा द्यावी, म्हणजे सार्वजनिक पत्ता आपण निवडलेल्या वेळी, जेवणाच्या सुट्टीत वगैरे, शांतपणे दुसरीकडे जातो. कर्नेल किंवा डिस्कचे काम असे एकेक नोड घेऊन करता येते. साम्बाची आवृत्ती मात्र तशी एकेक करून बदलू नका. क्लस्टरमधील सर्व नोडांवर साम्बाची आवृत्ती एकच लागते आणि ती वेगळी आढळल्यास साम्बा सुरू होण्यास नकार देतो. ती तपासणी बंद करण्याचे सेटिंग आहे, पण त्याच्या नावातच 'अनसेफ' आहे. त्यासाठी साप्ताहिक सुट्टीचा दिवस मागून घ्या, तिन्ही नोडांवरील सीटीडीबी थांबवा, तिन्हीकडे एकच आवृत्ती चढवा, आणि कामगार परत येण्यापूर्वी दोन संगणकांवरून ती एक्सेलची चाचणी पुन्हा करा. त्या चाचणीपुरते दोन तात्पुरते सार्वजनिक पत्ते ठेवावे लागतील, कारण एकाच पत्त्यावर दोन्ही संगणक एकाच नोडला जोडले जातील आणि संदेश आला, तरी त्यावरून काहीच सिद्ध होणार नाही.